दुर्गप्रकरण आणि आमचीं बांधकामें

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'ची ओळख आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस बहुधा दोन उताऱ्यांवरून होते. एक उतारा टोपीकरांविषयींचा आणि दुसरा आरमाराच्या प्रकरणांतील आंब्याफणसांच्या झाडांविषयींचा. पहिल्यांत दूरदृष्टीचा मुत्सद्दी दिसतो, दुसऱ्यांत प्रजेचा कनवाळू पालक दिसतो; आणि परीक्षेपुरतें इतकें पुरतें. या दोहोंच्या मध्यें दुर्गांविषयींचें जें लांब प्रकरण आहे, तें आम्ही मराठीचे अध्यापक इतिहासाच्या वर्गाकडे सोंपवितों, आणि इतिहासाचा वर्ग तें युद्धशास्त्र समजून चाळून पुढें जातो. आमचें म्हणणें असें कीं, हें प्रकरण मुख्यतः लढाईचें नव्हेच. तें बांधकामाचें आहे. आणि बांधण्यापेक्षांही बांधलेलें राखण्याचें अधिक आहे. जुन्या मराठी गद्यांत या विषयावर इतकें नेमकें लिहिणारा दुसरा लेखक आम्हांस आढळला नाहीं. त्याचे गुण कोणते व उणिवा कोणत्या, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ही गोष्ट आम्हांस वर्गांत किंवा ग्रंथालयांत उमगली असती तर अभ्यासकाच्या नात्यानें बरें वाटलें असतें. प्रत्यक्षांत ती चुन्याच्या आणि सिमेंटच्या धुळींत उमगली. सोलापुरांतील एका जुन्या पेठेंत वडिलांपासून चालत आलेला आमचा दगडमातीचा वाडा आहे; मध्यें लहानसा चौक, वर माळवद. त्याची दुरुस्ती आम्हीं काढली, ती चार महिन्यांत आटोपेल अशा हिशेबानें. ती चालली चवदा महिने, आणि खर्च अंदाजाच्या दुपटीजवळ जाऊन थांबला. त्या काळांत संध्याकाळीं ढिगाऱ्याशेजारी खुर्ची टाकून आम्ही दुसऱ्या दिवशींच्या तासाची तयारी करीत असूं, आणि त्या वर्षीं नेमलेलें पुस्तक आज्ञापत्र होतें. दिवसां जी चूक आम्हीं केलेली असे, तिचा निषेध रात्रीं त्या पुस्तकांत सांपडे. एखाद्या ग्रंथाची परीक्षा अशा रीतीनें घेण्याचा प्रसंग टीकाकारावर क्वचितच येतो. म्हणून घरगुती गोष्ट मध्यें आणल्याबद्दल वाचक क्षमा करतील.

प्रथम ग्रंथाविषयीं थोडें. आज्ञापत्र कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नांवानें शके १६३७ मध्यें, म्हणजे इसवी सन १७१५-१६च्या सुमारास, निघालें. त्याच्या कर्तृत्वाविषयीं संशोधकांत वाद झाले आहेत. त्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. परंपरेनें ज्याला कर्ता मानलें आहे, तो पुरुष शिवछत्रपतींच्या कारकीर्दींतच अमात्यपदावर आला होता, आणि १६८९ मध्यें राजाराम महाराज जिंजीकडे गेल्यावर महाराष्ट्रांतील राज्याचा व किल्ल्यांचा भार त्याच्या शिरावर पडला होता. किल्ला हातचा कसा जातो, हें त्यानें पुस्तकांतून वाचलेलें नव्हतें. त्यामुळें दुर्गप्रकरणांत पांडित्य जवळजवळ नाहीं. शिल्पशास्त्राचीं वचनें नाहींत, मुहूर्तांची चर्चा नाहीं, दिशांचीं शुभाशुभ फळें नाहींत. आहे तें सर्व हाताखालून गेलेलें आहे.

या प्रकरणाचा पहिला गुण म्हणजे त्यांतील क्रम. अमात्य सांगतात कीं, आधीं पाणी पाहावें आणि मग किल्ला बांधावा. पाणी नाहीं, पण स्थळ तर बांधणें भागच आहे, अशी अडचण असेल तर आधीं खडक फोडून पाण्याचीं टांकीं व तळीं करावीं. एक झरा आहे म्हणून त्याच्यावर विसंबूं नये, कारण लढाईच्या धामधुमींत तोही आटतो. राखीव पाणी निराळें ठेवावें आणि गडाचें पाणी जपावें. हें वाचतांना कोणीही म्हणेल कीं, यांत नवल तें काय? नवल इतकेंच कीं, हें सर्वांस ठाऊक असून कोणी करीत नाहीं. आम्हीं वाड्याच्या दुरुस्तींत प्रथम दिवाणखान्याची फरशी बसविली, भिंती रंगविल्या, आणि नंतर मोरीचा नळ कोठून न्यावा याचा विचार आरंभिला. तीच फरशी सहा महिन्यांनीं आमच्या देखत फोडावी लागली.

सोलापूरच्या माणसास तरी हा क्रम शिकवावा लागूं नये. बाराव्या शतकांतील सिद्धरामेश्वरांची या शहरावर जी छाया आहे, ती जशी त्यांच्या कानडी वचनांची आहे तशीच त्यांनीं खोदविलेल्या तळ्याचीही आहे. पुढें एकरुखचा तलाव १८७१ सालीं पुरा झाला. आणि आज शहर पितें तें पाणी शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या उजनी धरणाचें. तरीही चार-पांच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या हिशेबानें या शहरानें कित्येक वर्षें काढलीं आहेत. आधीं भिंती आणि मागून पाणी, हा क्रम एकदां उलटा पडला म्हणजे तो सुलटा करण्यास पिढ्या लागतात. अमात्यांचें वाक्य जुनें झालें नाहीं, याचें कारण आमच्या संवयी जुन्या झाल्या नाहींत.

दुसरा गुण शैलीचा आहे. आज्ञापत्र नांवाप्रमाणें आज्ञांचें आहे. 'करावें' आणि 'करूं नये' अशा क्रियापदांनीं त्याचीं वाक्यें संपतात. अशा लेखनाला कोरडेपणा सहज येतो. दुर्गप्रकरण त्यापासून वांचलें आहे, कारण त्यांत आज्ञेला बहुधा कारण जोडलेलें आहे. गडाला एकच दरवाजा असणें हा दोष. कारण संकटप्रसंगीं दुसरी वाट उरत नाहीं. शेजारीं गडाहून उंच डोंगर असूं नये. असल्यास तो सुरुंगानें फोडून कमी करावा, आणि तेंही शक्य नसेल तर तो मोकळा न सोडतां तटबंदीनें बांधून गडांत घ्यावा. राहत्या वास्तूच्या भिंती विटांच्या असाव्यात आणि चुन्यानें अशा लिंपलेल्या असाव्यात कीं, उंदीर, विंचू, किडामुंगी यांस रिघण्यास फट राहूं नये. राज्याचा अमात्य विंचवाच्या फटीचा विचार करतो, ही गोष्ट आमच्या मतें साधी नव्हे. मोठ्या कामाचा नाश बहुधा मोठ्या शत्रूकडून होत नाहीं. तो फटींतून होतो. ज्या लेखकाला डोंगर आणि फट हीं दोन्हीं एकाच दृष्टीनें पाहतां येतात, त्याच्या गद्याला निराळ्या अलंकारांची गरज पडत नाहीं.

तिसरा गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. या प्रकरणाचा बराच मोठा भाग किल्ला बांधून झाल्यानंतरचा आहे. तटावर झाडें रुजतात तीं वरचेवर कापून काढावींत. तटाचें व तटाखालचें गवत जाळून गड नाहाणावा. केर वाटेवर पडूं देऊं नये. तो जाळून त्याची राखसुद्धां परसांत घालून भाजीपाला करावा. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, आणि हवालदारानें आठापंधरा दिवसांनीं स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हां मुद्रा करून ठेवावे. येथें 'गड नाहाणणें' हा शब्दप्रयोग पाहण्यासारखा आहे. मुलाला रोज न्हाऊं घालतात, तसा गड. एकदां जन्माला घातला म्हणजे आईचें काम संपत नाहीं.

इंग्रजी वाङ्मयांत हा विचार रस्किन यानें १८४९ सालीं मोठ्या आवेशानें मांडला. जुन्या इमारतींची वेळच्या वेळीं निगा राखा, म्हणजे त्यांच्या जीर्णोद्धाराचा प्रसंगच येणार नाहीं, असें त्याचें सांगणें. आणि जीर्णोद्धार या नांवाखालीं जें चालतें तें त्याच्या मतें इमारतीचा संपूर्ण नाशच. पुढें १९२३ मध्यें जॉन मार्शल यांनीं हिंदुस्थानांतील पुराणवस्तु खात्याकरितां जतनाचे नियम पुस्तकरूपानें घालून दिले. आमच्या पिढीच्या पदवीधरांनीं रस्किन वाचला, मार्शल यांचें नांव ऐकलें, आणि अमात्यांचा तट-गवताचा परिच्छेद रुक्ष म्हणून गाळला. रस्किनची वाणी मोठी आहे, यांत शंका नाहीं. परंतु पिंपळाचें रोप केव्हां उपटावें, हें त्याच्यापेक्षां अमात्यांकडून अधिक लवकर कळतें.

आमच्याच जिल्ह्यांतील एक ताजें उदाहरण घेऊं. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या जतनाचें काम २०२४ सालीं हातीं घेण्यांत आलें. त्यासाठीं १५ मार्चपासून पदस्पर्शदर्शन बंद ठेवलें होतें, आणि दुरून मुखदर्शनाची सोय चालू ठेवून २ जूनला तें पुन्हां सुरू झालें. आषाढी एकादशी त्या वर्षीं १७ जुलैला होती; म्हणजे कामाची मुदत कोणा अधिकाऱ्यानें नव्हे, तर वारीनें ठरविलेली होती. या कामाचें स्वरूप लक्ष्यांत घेण्यासारखें आहे. पूर्वीच्या पिढ्यांनीं भक्तीनें किंवा सोयीसाठीं जी फरशी, जी आवरणें वर चढविलीं होतीं, तीं उतरवून मूळचा दगड मोकळा करणें हा त्यांतील एक मुख्य भाग होता. चढविणारांचा हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? पण चांगल्या हेतूनें घातलेला थरही दगडावर ओझेंच होऊन बसतो. आणि मे महिन्याच्या अखेरीस, काम चालू असतांनाच, मंदिरांत एक तळघर सांपडून त्यांतून जुन्या मूर्ति निघाल्या. जुन्या वास्तूला हात लावणाराच्या अंदाजपत्रकांत न दिसणाऱ्या वस्तूसाठीं एक रकाना मोकळा ठेवावा लागतो, हा धडा याहून स्पष्टपणें कोणी दिला नसता. आमच्या वाड्यांत मूर्ति निघाल्या नाहींत. माळवदाखालीं वाळवीनें पोखरलेली तुळई निघाली. रकाना मात्र आम्हींही ठेवला नव्हता.

चौथा गुण माणसांविषयींचा. गडावर लोहार, सुतार, पाथरवट असे कारागीर एक-दोन नेमून ठेवावेत, आणि त्यांच्या धंद्याचें काम नसेल तेव्हां त्यांस रिकामें न बसवितां दुसरें काम द्यावें, असा अमात्यांचा कटाक्ष आहे. आम्ही आज उलट करतों. काम निघालें म्हणजे गवंडी शोधतों, संपलें म्हणजे त्याचें नांवही विसरतों, आणि पुढच्या पावसाळ्यांत छत गळूं लागलें म्हणजे ती भिंत कोणी बांधली हें सांगणारा कोणी उरत नाहीं. इमारत आणि ती जाणणारा माणूस यांची फारकत झाली कीं दुरुस्ती ही दर वेळीं नवी भानगड होते. याच वृत्तीचा दुसरा पैलू झाडांच्या सुप्रसिद्ध उताऱ्यांत आहे. तेथें अमात्य सामानाच्या खरेदीचीच गोष्ट सांगत आहेत : रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेलें झाड बळानें तोडूं नये; जीर्ण झालेलें झाड हवेंच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, न्यावें. हा उतारा करुणरसाचा नमुना म्हणून शिकविण्यांत येतो. तो बांधकामाच्या हिशेबाचा नमुना म्हणूनही शिकवावा, असें आम्हांस वाटतें. दुसऱ्याच्या दुःखावर उभारलेल्या वास्तूची किंमत जमाखर्चांत कमी दिसते, एवढेंच.

आतां उणिवा. पहिली उणीव पैशाची. दुर्गप्रकरणांत काय करावें हें आहे. किती खर्चांत करावें आणि अंदाज चुकला तर कोणीं भरावें, हें नाहीं. या बाबतींत रोमन शिल्पकार व्हिट्रुव्हिअस अधिक सावध आहे. आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या प्रस्तावनेंत तो एफिसस नगरीचा एक जुना कायदा सांगतो. सार्वजनिक काम घेणाऱ्या शिल्पकारानें आधीं खर्चाचा आंकडा द्यावयाचा. त्याची मालमत्ता तारण राहावयाची. काम आंकड्यांत बसलें तर त्याचा सन्मान. चौथाईपर्यंत वाढलें तर वाढ सरकारनें सोसावयाची. त्याहून वाढलें तर ती त्याच्या मालमत्तेंतून वसूल व्हावयाची. व्हिट्रुव्हिअस असा कायदा रोममध्येंही असता तर बरें होतें, असें हळहळून म्हणतो. आम्हांसही एकदां तसेंच वाटलें होतें. पण तें आमच्या टिपणवहीचा हिशेब मांडण्यापूर्वीं.

त्या हिशेबांतूनच दुसरी उणीव ध्यानांत आली. आज्ञापत्र गृहीत धरतें कीं, आज्ञा करणाराला आपलें मन ठाऊक आहे. आज्ञा मोडणाऱ्या हवालदाराची काळजी त्यांत आहे. पण आज्ञा बदलणाऱ्या धन्याविषयीं अवाक्षर नाहीं. चवदा महिन्यांच्या विलंबाचीं कारणें आम्हीं एका बाजूस लिहून काढलीं, तेव्हां पाऊस, वाळूची टंचाई आणि सुताराच्या घरचें लग्न यांच्या वांट्यास थोडेच दिवस आले. बाकीचे दिवस आमचे होते. खिडकी बुजवा म्हणून सांगितलें, बुजविल्यावर अंधार वाटला म्हणून पुन्हां फोडविली. मोरी दोनदां हलविली. एका आप्तानें मुंबईहून येऊन कांहीं सुचविलें कीं दुसऱ्या दिवशीं गवंड्याला नवी आज्ञा. एफिससचा कायदा आमच्या घरीं लागू केला असता तर मालमत्ता गवंड्याची नव्हे, आमचीच जप्त झाली असती.

तिसरी उणीव अशी कीं, हें सर्व वरून लिहिलेलें आहे. पाथरवट त्यांत आहे, पण बोलत नाहीं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशीं हिरोजी इंदुलकरानें आपलें नांव दगडांत ठेवलें, ही आमच्या बांधकामाच्या इतिहासांतील फार थोड्या सह्यांपैकीं एक. बाकीचे सर्व हात मुके आहेत. ग्रंथकाराला याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल. राजाज्ञेंत गवंड्याचें भाषण कसें यावें? पण वाचकानें तें ऐकण्याची संवय ठेवली पाहिजे, आणि आम्हीं ती ठेवली नाहीं.

वाड्याची उत्तरेची भिंत पूर्वीपासून ओलसर. गवंड्यानें सुचविलें कीं, तिला चुन्याचाच गिलावा करावा. आम्हांस सिमेंट हवें होतें, कारण तें गुळगुळीत दिसतें आणि एकदांच करावें लागतें अशी आमची समजूत. त्यानें दोनदां सांगितलें. तिसऱ्यांदां सांगितलें नाहीं. दुसऱ्या पावसाळ्यांत त्या भिंतीला लोणा फुटला, गिलावा फुगला, आणि एका रात्रीं त्याचा भला थोरला पोपडा आमच्या वृद्ध मातोश्रींच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर कोसळला. त्यांस इजा झाली नाहीं, हें दैव. गवंड्याचा शेवटचा हप्ता आम्हीं विलंबाच्या कारणावरून आधींच अडकवून ठेवला होता. आतां त्याला बोलावून चार शब्द सुनावले. त्यानें भिंतीवर बोटांनीं ठोकून पाहिलें आणि म्हटलें, "भिंतीला बी घाम येतो की वो, सर. दोन्हीकडून कोंडलाव, तर तो जाणार कुठं?"

आम्ही निरुत्तर झालों. जुन्या दगडमातीच्या भिंतींत जमिनीची ओल चढते, आणि चुना ती हळूहळू बाहेर सोडतो; सिमेंट ती आंत कोंडून धरतें. हें ज्ञान त्याच्या हातांत होतें आणि आमच्या हातांत आज्ञा होती. त्या रात्रीं दुर्गप्रकरणांतील चुन्याच्या लिंपणाचें वाक्य पुन्हां वाचलें, आणि आजवर त्याचा अर्थ आम्ही विद्यार्थ्यांस केवळ शब्दांचा सांगत आलों होतों, हें कळून चुकलें. भिंत पुढें चुन्यानें पुन्हां केली. अडकविलेला हप्ता दिला. त्यानें तो मोजून घेतला. आणि मोजून घेणें हेंच योग्य होतें. आतां दर वर्षीं मृगापूर्वीं तो येऊन माळवदावर माती पसरतो, पन्हळ मोकळे करतो, आणि आमच्या नव्या कल्पना ऐकून घेऊन त्यांतील बहुतेक नाकारतो.

सोलापूरजवळ कुंभारीस विडी व इतर असंघटित कामगारांसाठीं रे नगर वसलें आहे. ३०,००० घरांची ही योजना. तिची पायाभरणी २०१९ सालीं झाली आणि पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्यें दिल्या गेल्या. जन्मभर भाड्याच्या खोलींत विड्या वळणाऱ्या बाईला स्वतःचा उंबरठा मिळणें ही गोष्ट कोणत्याही किल्ल्याच्या बांधणीहून लहान नाहीं. पण किल्ल्या देण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो, आणि तीस हजार घरांचे पन्हळ दर वर्षीं तुंबतात. तेथें आठापंधरा दिवसांनीं येऊन पाहणारा हवालदार कोण, नेमलेला गवंडी कोण, गड नाहाणणार कोण, हे प्रश्न अमात्यांनीं तीनशें वर्षांपूर्वीं विचारून ठेवले आहेत.

दुर्गप्रकरण अपुरें आहे, हें आम्हीं दाखविलें. त्याला धन्याच्या चंचलपणाचें एक पान आणि गवंड्याच्या तोंडचें एक पान जोडलें पाहिजे. परंतु तें जसें आहे तसेंही मराठीच्या वर्गांत परत आणावें, एवढी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांस तें शिकवितांना एक दिवस पुस्तक मिटवून त्यांस आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटापाशीं न्यावें, आणि तटाच्या सांध्यांत पिंपळाचें रोप कोठें दिसतें, तें शोधावयास सांगावें.